दुष्काळ आजोबांनीही पाहिला, पूर पणजोबांनीही. मग आता वेगळं काय आहे?

आर्द्रा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय, ते आज लिहायला बसले.

माझं माहेर कळंब तालुक्यात, शेत मांजरा नदीला लागून. २०१६ च्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीच्या तळाला उतरून वाटीवाटीने पाणी भरलेलं मला आठवतं. एक कळशी भरायला अर्धा तास जायचा. त्याच विहिरीवरून २०२५ च्या सप्टेंबरात नदी वाहत गेली. कठडासुद्धा दिसेना. पाणी ओसरल्यावर बघितलं, तर नदीकडच्या दोन एकरांत काळी माती उरलीच नव्हती. खालचा पिवळा मुरूम उघडा पडलेला, त्यात सोयाबीनची मुळं धुऊन निघालेल्या जटांसारखी अडकलेली. वडील त्या मुरमावर उकिडवे बसले, एक खडा उचलला, सवयीने ढेकूळ चुरतात तसा बोटांत चुरायला गेले. तो चुरला नाही. बराच वेळ तो खडा हातातच धरून बसले होते.

घरी आल्यावर म्हणाले, "हे चक्र आहे. बहात्तर पाहिलं, हेही पाहिलं." माझा मुलगा आठवीत आहे. त्याने विचारलं, "आजोबा म्हणतात चक्र, पुस्तक म्हणतं माणसामुळे. खरं कुणाचं?" मला उत्तर देता आलं नाही.

म्हणून विचारते. निसर्गाचा स्वतःचा फेरबदल कुठवर आणि माणसाने घडवलेला कुठून, हे ओळखतात कसं? राजकारण बाजूला ठेवून कुणी नीट समजावून सांगेल का?

तिफण

ताई, तुमच्या वडिलांचं बरोबर हाय. मी बीड जिल्ह्यातला, कोरडवाहू. आमचा आजा सांगायचा, ७२ ला खडी फोडली, सुकडी खाल्ली, लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या. त्याच्या आज्याने त्याच्याहून वाईट पाहिलं व्हतं. दुर्गादेवीचा दुष्काळ बारा वर्षं चालला म्हणतात, तवा कुठं मोटारी व्हत्या? तुकोबांच्या काळात १६३० चा दुष्काळ पडला, तवा कुठला कारखाना व्हता? आभाळ केवढं, माणूस केवढा. माणसाने आभाळ बिघडवलं हे मला काही पटंना. कुणी पुराव्यानिशी सांगितलं तर ऐकायला तयार हाय, उगं नाय म्हणत नाही.

येळवस

आर्द्राताई, मुरूम उघडा पडल्याचं वाचून पोटात गोळा आला. आमच्याकडे निलंग्यात शेजाऱ्यांचं असंच झालं. गाळ आणून भरायचा म्हटलं तरी एकराला किती ट्रॅक्टर लागतात, हे ज्याचं त्यालाच माहीत.

भूगोलमास्तर

अंबाजोगाईजवळच्या एका शाळेत ३१ वर्षं भूगोल शिकवला, त्या अधिकाराने लिहितो.

तिफण, तुमचा मुद्दा टाकाऊ नाही. मराठवाडा सह्याद्रीच्या पाठीशी, पर्जन्यछायेत आहे. पश्चिमेचे ढग घाटावर रिते होऊन आपल्याकडे येतात. इथला पाऊस मुळातच लहरी आहे आणि त्या लहरीमागेही कारणं आहेत. प्रशांत महासागराचं विषुववृत्ताजवळचं पाणी पेरूच्या बाजूला तापलं की त्याला एल निनो म्हणतात. त्या वर्षी आपला मान्सून बहुधा अडखळतो. १८७६ ते ७८ चा भयानक दुष्काळ, १९७२, २०१५, २०२३ ही सगळी एल निनोच्या सावलीतली वर्षं. २०२३ चा ऑगस्ट तर १९०१ पासूनच्या नोंदींत देशभरातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. आणि एल निनोशी जोडलेला हवेच्या दाबाचा झोका शोधला कुणी? भारतीय वेधशाळांचे प्रमुख असलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. आपल्याच मान्सूनचा अंदाज बांधता यावा म्हणून त्यांनी जगभरचे आकडे पालथे घातले होते.

हा झोकाही एकटा नसतो. १९९७ ला फार मोठा एल निनो होता, तरी आपला पाऊस सरासरीइतका झाला. कारण तेव्हा हिंदी महासागराचा पश्चिमेकडचा भाग जास्त तापला होता आणि त्याने सावरून धरलं. यातलं काहीही माणसाने केलेलं नाही.

आता आर्द्राताईंचा प्रश्न. विहिरीचं उदाहरण घ्या. दिवसा मोटार चालली की पाणी खाली जातं, रात्रभरात पाझरून वर येतं. हे रोजचं वरखाली म्हणजे निसर्गाचा फेर. पण सकाळी मोटार सुरू करायच्या आधी पाणी जिथे थांबलेलं असतं, ती पातळी दरवर्षी सरकत असेल तर? रोजचं वरखाली तसंच चालू राहील, पण बूड हललेलं असेल. हवामानशास्त्रज्ञ बूड शोधतात. एका दुष्काळावरून किंवा एका पुरावरून ते कळत नाही. पृथ्वीच्या तापमानाचं बूड १८५०-१९०० च्या तुलनेत २०१०-२०१९ या दशकात सुमारे १.१ अंशाने वर गेलं होतं. २०२४ हे एकटं वर्ष दीड अंशापेक्षा वर गेलं.

तिफण

मास्तर, विहिरीचं ध्यानात आलं. पण बूड माणसानेच हलवलं कशावरून? सूर्यच जास्त तापायलाय असं का नसंल?

नाथसागर

हा प्रश्न नेमका आहे, म्हणून जरा सविस्तर. मी पैठणचा, भौतिकशास्त्र शिकवतो.

वाकळ पांघरून झोपलेला माणूस डोळ्यांसमोर आणा. त्याला गरम व्हायला लागलं तर कारणं दोन असू शकतात. बाहेर शेकोटी मोठी झाली, किंवा वाकळ जाड झाली. शेकोटी मोठी झाली असेल तर वाकळीची बाहेरची बाजूही तापेल. वाकळ जाड झाली असेल तर आत ऊब वाढेल, पण आतली उष्णता बाहेर कमी येत असल्याने बाहेरची बाजू गार पडेल. कळलं ना फरक?

पृथ्वीवर नेमकं दुसरं घडतंय. जमिनीलगतची हवा तापते आहे आणि वीस-तीस किलोमीटर उंचीवरचा थर गार होतो आहे. सूर्य जास्त तापला असता तर दोन्ही तापले असते. स्युकुरो मानाबे यांनी १९६७ मध्ये गणित मांडून हे सांगितलं होतं: कार्बन डायऑक्साइड वाढला तर खाली तापेल आणि वर गार होईल. मोजणारे उपग्रह नंतर आले आणि तेच दिसलं. मानाबेंना २०२१ चं नोबेल मिळालं.

दुसरी खूण रात्रीची. सूर्यामुळे तापमान वाढत असतं तर दिवस जास्त तापले असते. जगभरच्या नोंदींत विसाव्या शतकाच्या मध्यापासून रात्री दिवसांपेक्षा जास्त तापलेल्या दिसतात. रात्री सूर्य नसतो, वाकळ असते.

तिसरं म्हणजे सूर्य थेट मोजलेला आहे. त्याचा अकरा वर्षांचा एक फेर असतो, त्यात ऊर्जा साधारण हजारात एक भाग वरखाली होते. १९८० नंतर सूर्याची ऊर्जा वाढलेली नाही, किंचित उतरलीच आहे. तापमान मात्र त्याच काळात सर्वांत वेगाने चढलं.

येळवस

रात्रीचं वाचलं आणि आई आठवली. लहानपणी आम्ही उन्हाळ्यात माळवदावर झोपायचो. पहाटे चारच्या सुमाराला ती उठून सगळ्यांच्या अंगावर वाकळ ओढायची, इतकं गार पडायचं. आता मे महिन्यात पहाटे चारलाही भिंत हाताला गरम लागते. घरं सिमेंटची झाली हे एक कारण असेलच. पण शेतातल्या आखाड्यावरही तसंच जाणवतं. एका घराच्या आठवणीवरून शास्त्र होत नाही, ते मान्य. सांगावंसं वाटलं.

खडक

सूर्याचं झालं, आता ज्वालामुखी. कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच लिहितो. शिवाय हा विषय आपल्या पायाखालचा आहे.

मराठवाड्यात जिथे खणाल तिथे काळा कातळ लागतो. वेरूळचं कैलास लेणं ज्या दगडात कोरलंय, तोच. हा सगळा लाव्हा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाखो वर्षांच्या काळात थरावर थर ओतला गेला, काही ठिकाणी दोन किलोमीटरपर्यंत जाड. त्यातून निघालेल्या वायूंनी तेव्हाचं हवामान खरंच बदललं. म्हणजे निसर्ग हवामान बदलू शकतो, याचा केवढा तरी मोठा पुरावा आपण आडाच्या भिंतीत रोज बघतो.

पण आजचं काय? आज जगातले सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो माणसाने जाळलेल्या कोळसा-तेल-गॅसच्या शंभरातल्या एका भागाच्या आसपासच भरतो. माणूस वर्षाला सुमारे ३,७०० कोटी टन सोडतो. उलट मोठा उद्रेक झाला तर पृथ्वी वर्ष-दोन वर्षं गार होते. १९९१ मध्ये फिलिपिन्समधला पिनाटुबो फुटला, तेव्हा जगाचं तापमान सुमारे अर्धा अंश उतरलं आणि मग परत होतं तिथे आलं. १८१५ च्या तांबोरानंतर युरोप-अमेरिकेत १८१६ ला उन्हाळाच आला नव्हता.

आणि हवेतला वाढीव कार्बन नेमका जुन्या इंधनातलाच आहे, हे ओळखताही येतं. कार्बनचे तीन प्रकार असतात. त्यातला किरणोत्सारी कार्बन-१४ काही हजार वर्षांत झिजत जातो. कोट्यवधी वर्षं जमिनीत राहिलेल्या कोळशात तो शिल्लकच नसतो. कार्बन-१३ झाडं कमी घेतात, म्हणून झाडांपासून बनलेल्या कोळशात आणि तेलातही तो कमी असतो. हवेत या दोन्हींचं प्रमाण उतरत चाललंय. दुधात पाणी मिसळलं की लॅक्टोमीटर खाली जातो, तसं हे आहे. ज्वालामुखीच्या कार्बनमध्ये कार्बन-१३ एवढा कमी नसतो, त्याने ही खूण उमटत नाही.

तिफण

लॅक्टोमीटरचं भारी सांगितलं. डेअरीवर रोज लाइनीत उभा असतो, लगेच कळलं. पण मास्तर, हिमयुगं येऊन गेली म्हणतात. ती तर माणसाने आणली नव्हती ना?

भूगोलमास्तर

नव्हती. ती पृथ्वीच्या डुलण्यातून आली. मिलुटिन मिलान्कोविच या सर्बियन गणितज्ञाने ते मांडलं. पृथ्वीची कक्षा साधारण एक लाख वर्षांत कमीजास्त लांबट होते, आसाचा कल ४१ हजार वर्षांत बदलतो आणि आस भोवऱ्यासारखा २६ हजार वर्षांत एक फेरी मारतो.

हे परकं वाटत असेल, तर आपलं पंचांग उघडा. मृग नक्षत्र आज ७-८ जूनला लागतं. आपली नक्षत्रं ताऱ्यांना बांधलेली आहेत आणि ऋतू सूर्याच्या कलण्याला. आस डुलल्यामुळे दोघांत सुमारे ७२ वर्षांत एक दिवसाची फारकत पडते. पंचांगकर्ते तिला अयनांश म्हणतात, आज तो २४ अंशांच्या आसपास आहे. शिवाजी महाराजांच्या काळात मृग आजच्यापेक्षा चार-पाच दिवस आधी लागत असे. म्हणजे मिलान्कोविचच्या तीन चक्रांतलं एक चक्र आपण पिढ्यान्पिढ्या पेरणीच्या हिशेबात वापरत आलो आहोत.

या चक्राने मान्सूनही बदललाय. दहा-अकरा हजार वर्षांपूर्वी पृथ्वी उत्तरेच्या उन्हाळ्यात सूर्याच्या जवळ असायची, म्हणून तेव्हाचा मान्सून जोरदार होता. आज ती जानेवारीच्या सुरुवातीला जवळ असते. त्यानुसार पृथ्वीने आता हळूहळू, हजारो वर्षांच्या हिशेबाने, गारच व्हायला हवं होतं. आणि आपण बघतोय दीडशे वर्षांतला चढ. वेग बघा. ७२ वर्षांत एका दिवसाने सरकणाऱ्या भोवऱ्यावर हे ढकलता येत नाही.

गोदाकाठ

मास्तर, विषय निघालाच आहे म्हणून: जुने लोक "मृगाचा पाऊस वेळेवर येत नाही" म्हणतात, त्यात हे डुलणं धरायचं का?

भूगोलमास्तर

नाही हो. एका माणसाच्या आयुष्यात एका दिवसाचा फरक. मृग कोरडा जातो तो मान्सूनच्या चढउतारामुळे. तरी प्रश्न आवडला, वर्गात असता तर शाबासकी दिली असती.

खडक

जुन्या काळाचंच चाललंय तर शेजारच्या बुलढाण्यातलं लोणार सांगतो. त्या सरोवराच्या तळाचा गाळ नळीने काढून थराथराने तपासलाय. सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वी सलग मोठा कोरडा काळ गेल्याचं त्यात दिसतं. सातशे वर्षं! म्हणजे मान्सून स्वतःहून शतकानुशतकं रुसू शकतो. मला हे दिलासा देणारं वाटत नाही. जो गडी मुळात एवढा तापट, त्याला आपण आणखी डिवचतोय.

बोअरवाला

सगळं वाचलं. आता माझं ऐकून घ्या, कुणाला लागलं तर लागू द्या. मी वीस वर्षं लातूर-धाराशिव पट्ट्यात बोअर पाडतो.

तुम्ही आभाळाकडे बघताय, मी जमिनीत बघतो. सुरुवातीला दीडशे-दोनशे फुटांवर पाणी लागायचं. आता आठशे फूट गेलो तरी वर नुसता भुकटा येतो, दगडाचं पीठ. मालक खुर्ची टाकून बसलेला असतो, त्या भुकट्याकडे बघत, ओल दिसते का म्हणून. दर शंभर फुटाला त्याचा चेहरा उतरत जातो. मला पैसे मिळतात, पण तो चेहरा बघवत नाही.

७२ ला अन्न नव्हतं, पण विहिरींना पाणी होतं, असं सगळे म्हातारे सांगतात. २०१६ ला धान्य होतं, पाणी नव्हतं. एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं, पहिल्या खेपेला ५ लाख लिटर. पाऊस ७२ लाही गेला होता आणि २०१५ लाही. मधल्या काळात काय बदललं? ऊस आला, बोअर आले, बुडबुडी मोटारी आल्या. कमी पावसाच्या पट्ट्यात बारमाही पीक लावलं आणि जमिनीतली शिल्लक उपसून खाल्ली. याचं खापर कार्बनवर फोडलं की आपण मोकळे. मला ते मान्य नाही.

नाथसागर

बोअरवालेदादा, अगदी खरं. मला वाटतं हा धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रतिसाद आहे. पाऊस कमी पडणं वेगळं आणि पाणी कमी पडणं वेगळं. पहिल्यात एल निनो असतो. दुसऱ्यात आपण असतो, आणि तेही हवामान न बदलता. २०१६ ची लातूरची रेल्वे तापमानवाढीच्या खात्यावर सरसकट टाकणं चूकच. तरी एवढं धरा की तापलेली हवा जमिनीतून आणि तलावातून जास्त पाणी शोषते. तेवढाच पाऊस पडला तरी ओल लवकर उडते. आपल्या चुकीवरचं ते व्याज आहे.

पुण्यातला नांदेडकर

मी हवामानाच्या आकडेवारीत काम करतो. दुष्काळाचं बरंच झालं, पुराबद्दल कुणी बोललं नाही. आणि आर्द्राताईंची माती तर पुरात गेलीय.

तापमान एक अंशाने वाढलं की हवा सुमारे ७ टक्के जास्त वाफ धरून ठेवू शकते. हे साधं भौतिकशास्त्र, प्रयोगशाळेतही दिसतं. हिंदी महासागराचा पृष्ठभाग १९५१ ते २०१५ या काळात सरासरी १ अंशाने तापलाय. म्हणजे चूलही मोठी आणि भांडंही मोठं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांचे सहकारी यांनी २०१७ मध्ये दाखवलं, की मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिमुसळधार पावसाच्या घटना १९५० ते २०१५ दरम्यान तिप्पट झाल्या. अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाची लाट त्यामागे आहे.

गंमत बघा, त्याच काळात देशाचा एकूण मान्सूनचा पाऊस मात्र सुमारे ६ टक्क्यांनी कमी झाला. त्यातही माणसाचा हात आहे, पण तो वेगळा. धूर, काजळी, गंधकाचे कण उन्हाला अडवतात, जमीन कमी तापते आणि मान्सूनची ओढ मंदावते. एक हात पाऊस वाढवायला बघत होता, दुसरा दाबून धरत होता. म्हणून "पाऊस कमी झाला का जास्त" या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही. पावसाचे दिवस कमी, उघडीप लांब, आणि पडतो तेव्हा एका रात्रीत धो धो, हा बदल मात्र मोजलेला आहे.

सगळंच तापमानवाढीवर घालू नये, हेही सांगतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आपण कुणीच विसरणार नाही. पण गारपिटीबद्दल शास्त्रज्ञ तेवढ्या ठामपणे बोलत नाहीत. उष्णतेच्या लाटा आणि अतिवृष्टी यांबद्दल ठामपणे बोलतात.

आर्द्राताई, तुमच्या गावची एखादी जुनी पावसाची नोंद आहे का?

गोदाकाठ

"एका रात्रीत" यावरून. आमच्या महसूल मंडळात ६५ मिलिमीटर झाला की अतिवृष्टी धरतात. पर्जन्यमापक मंडळाच्या गावाला, आमचं शिवार तिथून नऊ किलोमीटर. तिथे रिमझिम झाली आणि आमच्याकडे बांध फुटले, असं दोनदा झालं. पंचनाम्याला दोन्ही वेळा वणवण. ढग आता असे तुकड्या-तुकड्याने फुटत असतील, तर गावोगाव मापक हवेत. हे चुकून विषयांतर झालं, पण जळतं तिथेच बोट जातं.

तिफण

विषयांतर नाय, हाच विषय हाय.

मला आता एक सांगा, कुणावर राग नाय. सगळं पटत चाललंय. पण हा धूर सोडला कुणी? माझ्याकडं दोन बैलं, एक मोटारसायकल. ज्यांनी शंभर वर्षं कोळसा जाळला, त्यांच्या शेतातली माती गेली का? मुरूम आमच्या वाट्याला का?

नाथसागर

तिफण, याला उत्तर नाही, तुमचा हिशेब बरोबर आहे. आजवर सोडलेल्या एकूण कार्बन डायऑक्साइडमध्ये एकट्या अमेरिकेचा वाटा सुमारे पाव आहे आणि भारताचा ३ टक्क्यांच्या आसपास. औद्योगिक काळाआधी हवेत दहा लाख भागांत २८० भाग कार्बन डायऑक्साइड होता. १९५८ मध्ये हवाईच्या मौना लोआवर मोजणी सुरू झाली, तेव्हा ३१५ च्या आसपास होता. आज ४२० च्या वर गेलाय. अंटार्क्टिकाच्या बर्फातल्या बुडबुड्यांत आठ लाख वर्षांची हवा साठलेली आहे. त्यात तो ३०० च्या वर कधीच गेलेला नव्हता.

पण आज दरवर्षीचं धराल तर भारत तिसऱ्या क्रमांकावर आहे. आपल्या परळीचंच घ्या. तिथल्या औष्णिक केंद्रात कोळसा जळतो, त्यावर आपल्या मोटारी चालतात. २०१५ च्या दुष्काळात ते केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. मी तेव्हा परळीहून जात होतो. त्या धुराड्यांतून धूर निघत नव्हता आणि रस्त्याच्या कडेला घागरींची रांग होती. ते चित्र डोळ्यांसमोरून जात नाही.

येळवस

मग करायचं काय, हेही कुणीतरी बोला. आम्ही तीन वर्षं सोयाबीन रुंद वरंबा-सरीवर घेतोय. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या मेळाव्यात बघितलं होतं. उघडीप पडली तर वरंब्यात ओल टिकते, जास्त झाला तर सरीतून पाणी निघून जातं. एकाच हंगामात दोन्ही होतं, म्हणून दोन्हीची सोय. २०२५ च्या पुरात त्याचाही टिकाव लागला नाही, खरं ते सांगते. पण त्याच्या आधीच्या दोन वर्षांत शेजाऱ्यांपेक्षा आमचं पीक उभं राहिलं.

बोअरवाला

आणि तुरीचं पट्टा पीक सोडू नका. ऊस एक एकर कमी करा. मी माझा केला.

आर्द्रा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हा धागा मुलाला आणि वडिलांना शेजारी बसवून मोठ्याने वाचून दाखवला. आई भाकरी थापत ऐकत होती.

मुलाने वाकळीचं उदाहरण वहीत काढलं. खाली गरम, वर गार. वडील बोअरवालेदादांच्या प्रतिसादाशी थांबले, म्हणाले "हे पुन्हा वाच." मग सगळं झाल्यावर म्हणाले, "मी चक्र म्हणालो ते खोटं नव्हतं. पण चाकाचे आरे फिरताना बघितले, रस्ता कुठे निघालाय ते बघितलं नाही."

पुण्यातले नांदेडकर, तुम्ही नोंदीबद्दल विचारलंत. वडिलांची वही आहे, १९८१ पासूनची. सरळ भिंतीचा एक पितळी डबा अंगणात ठेवायचे आणि सकाळी त्यातलं पाणी बोटं आडवी धरून मोजायचे. "पुनर्वसू, दोन बोटं." "उत्तरा, निरंक." मिलिमीटर नाहीत, पण माणूस तोच, डबा तोच, बोटं तीच. त्या सप्टेंबरच्या पानावर लिहिलंय, "डबा भरून वाहिला, मोजता आला नाही." आधीच्या पानांवर असं वाक्य शोधलं, सापडलं नाही. मधली दोन वर्षं वाळवीने खाल्लीत, म्हणून छातीठोक सांगत नाही.

पुण्यातला नांदेडकर

ताई, ती वही जपा. प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा, आजच. डब्याचा व्यास आणि उंची मोजून कळवा, वडिलांच्या चार बोटांची रुंदीही. त्यावरून मिलिमीटर काढता येतील आणि जवळच्या सरकारी पर्जन्यमापकाशी ताडून बघता येईल.

आर्द्रा

डबा अजून आहे, त्यात आता शेंगदाणे असतात. उद्या रिकामा करून मोजते.

तिफण

आमच्या आज्याची वही नाय, त्याला लिहायला येत नव्हतं. पण विहिरीच्या आतल्या कड्यावर त्याने छन्नीने खुणा पाडल्यात, उन्हाळ्यात पाणी जिथं थांबलं तिथं. ७२ ची खूण हाय. ती पुढं कितीतरी वर्षं पाण्याखालीच व्हती म्हणं. २०१६ ला मी खाली उतरलो तर त्या खुणेच्या खाली दोन परस कोरडा खडक व्हता. रविवारी टेप घेऊन उतरतो, खूण न खूण मोजून फोटो टाकतो.

बोअरवाला

मोज भाऊ. एकटा उतरू नको, दोर धरायला माणूस ठेव. आणि आजूबाजूला पाचशे फुटांत किती बोअर आहेत, कोणता कोणत्या साली पाडला, तेही लिही. त्याशिवाय त्या खुणांमध्ये आभाळाचं किती आणि आमचं किती, ते निघणार नाही.